विश्लेषण : रेडिओवर ‘मंगळवासीयांचा हल्ला’ घडवणारे ऑर्सन वेल्स रंगभूमी आणि नभोनाट्यासाठी का महत्त्वाचे?

रेडिओवरचे नाटक खरे वाटून १९३८ मध्ये अख्खी अमेरिका रस्त्यावर धावत सुटली, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अनेकांनी वाचली असेल. ती बरीच फुगवलेली आहे. पण या गोष्टीमागचा माणूस खरा आहे आणि त्याचे काम गोष्टीपेक्षा मोठे आहे. ‘सिटिझन केन’ या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून जगाला माहीत असलेले ऑर्सन वेल्स त्याआधी रंगभूमी आणि रेडिओचे दिग्दर्शक होते. वयाची पंचविशी ओलांडण्याआधीच त्यांनी या दोन्ही माध्यमांत काय केले आणि पुढे याच रेडिओचा वापर त्यांनी कशासाठी केला, याविषयी...

सुरुवात कशी झाली?

वेल्स यांचा जन्म ६ मे १९१५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा या गावी झाला. आई पियानोवादक होती. ते नऊ वर्षांचे असताना ती गेली आणि पंधराव्या वर्षी वडीलही गेले. इलिनॉय राज्यातील टॉड या निवासी शाळेत त्यांना नाटकाचे वेड लागले. शाळेच्या रंगमंचावर अभिनय, दिग्दर्शन आणि नेपथ्य असे सगळे त्यांनी विद्यार्थी असतानाच करून पाहिले.

शाळा संपल्यावर १९३१ मध्ये ते आयर्लंडला गेले. डब्लिनच्या गेट थिएटरमध्ये जाऊन त्यांनी आपण न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे नामवंत नट असल्याची थाप मारली. तिथल्या चालकांचा त्यावर कितपत विश्वास बसला हा वेगळा मुद्दा, पण त्यांना भूमिका मिळाली. वय होते १६. अमेरिकेत परतल्यावर कॅथरीन कॉर्नेल यांच्या फिरत्या नाटक कंपनीतून ते १९३४ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचले. तिथे त्यांचे काम जॉन हाउसमन या निर्मात्याने पाहिले आणि पुढची काही वर्षे ही जोडी एकत्र राहिली.

हार्लेमचा ‘मॅकबेथ’ का गाजला?

महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्यासाठी अमेरिकी सरकारने अनेक योजना आखल्या. १९३५ मध्ये सुरू झालेला ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ ही त्यातलीच एक. बेकार नट, तंत्रज्ञ आणि वादकांना सरकार आठवड्याला साधारण २३ डॉलर पगार देई. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय कलावंतांसाठी स्वतंत्र विभाग होता. हाउसमन त्याचे काम पाहत होते. त्यांनी शेक्सपिअरचे नाटक बसवण्यासाठी वेल्स यांना बोलावले. तेव्हा वेल्स २० वर्षांचे होते.

पत्नी व्हर्जिनिया यांनी सुचवलेल्या कल्पनेवरून वेल्स यांनी ‘मॅकबेथ’ची कथा स्कॉटलंडमधून उचलून कॅरिबियन बेटावर, हैतीसारख्या प्रदेशात नेली. चेटकिणींच्या जागी वूडू पंथाचे मांत्रिक आले आणि रंगमंचावर प्रत्यक्ष आफ्रिकी ढोल वाजू लागले. सर्व नट कृष्णवर्णीय होते. त्या काळी कृष्णवर्णीय नटांना बहुतेक वेळा मोलकरीण, हमाल किंवा विनोदी नोकर अशाच भूमिका मिळत. एक गोरा तरुण आपल्या लोकांची थट्टा करणार, अशी शंका सुरुवातीला हार्लेममध्ये होती. १४ एप्रिल १९३६ रोजी लफायेट थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर इतकी गर्दी झाली की वाहतूक थांबली. हार्लेममध्ये सुमारे १० आठवडे चाललेले हे नाटक पुढे ब्रॉडवेवर गेले आणि देशात इतरत्रही फिरले.

सरकारने नाटक रोखले तेव्हा काय घडले?

पुढच्याच वर्षी हा सरकारी पैसा अडचणीचा ठरला. मार्क ब्लिट्झस्टीन यांचे ‘द क्रेडल विल रॉक’ हे संगीत नाटक पोलाद कामगारांच्या संघटनेविषयी होते. त्याच सुमारास पोलाद कारखान्यांत संप सुरू होते आणि ३० मे १९३७ रोजी शिकागोत पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले होते. अशा वेळी सरकारी खर्चाने हे नाटक व्हावे हे अनेकांना नको होते. जूनमध्ये आदेश निघाला, की खर्चकपातीमुळे १ जुलैपर्यंत एकही नवे नाटक रंगमंचावर आणायचे नाही. थिएटरवर पहारा बसला. नेपथ्य आणि कपडे सरकारी मालमत्ता म्हणून अडकले.

१६ जूनच्या संध्याकाळी प्रेक्षक बंद थिएटरबाहेर उभे होते. वेल्स आणि हाउसमन यांनी ऐनवेळी व्हेनिस नावाचे दुसरे थिएटर मिळवले आणि प्रेक्षक व कलावंत तिकडे निघाले. मात्र नटांच्या संघटनेने सदस्यांना नव्या रंगमंचावर पाऊल ठेवण्यास मनाई केली होती. त्यावर पळवाट निघाली. मनाई रंगमंचावर जाण्याची होती, प्रेक्षागृहात बसून गाण्याची नव्हती. ब्लिट्झस्टीन एकटेच रंगमंचावर पियानो घेऊन बसले. सगळे नाटक आपल्याला एकट्यालाच गावे लागणार, या तयारीने त्यांनी सुरुवात केली. तेवढ्यात प्रेक्षागृहातून ऑलिव्ह स्टँटन ही नवखी अभिनेत्री उभी राहिली आणि तिने आपले गाणे म्हटले. मग एकेक कलावंत आपापल्या जागी उठत गेला. नोकरी जाण्याची भीती असतानाही हे लोक उभे राहिले, म्हणून अमेरिकी रंगभूमीच्या इतिहासात ही रात्र नोंदली गेली. त्यानंतर वेल्स आणि हाउसमन हे दोघेही सरकारी प्रकल्पातून बाहेर पडले. प्रकल्पालाच संसदेने १९३९ मध्ये टाळे लावले.

स्वतःची नाटक कंपनी चालली कशी?

१९३७ मध्येच दोघांनी ‘मर्क्युरी थिएटर’ काढले. ११ नोव्हेंबरला त्यांचे पहिले नाटक आले, शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’. युरोपात हिटलर आणि मुसोलिनी यांचा जोर होता. वेल्स यांनी रोमन झगे काढून नटांना फासिस्ट धाटणीचे गणवेश दिले. पडदे आणि सजावट काढून टाकून मागची उघडी भिंत लाल रंगवली. जमिनीतून सरळ वर जाणारे प्रकाशझोत नाझींच्या न्युरेंबर्ग मेळाव्यांची आठवण करून देत. जमाव सिना नावाच्या कवीला नावाच्या गोंधळातून घेरतो तो प्रवेश प्रेक्षकांना सर्वाधिक हादरवून गेला. या नाटकाचे १५७ प्रयोग झाले.

यासाठी लागणाऱ्या पैशांचे उत्तर रेडिओत होते. वेल्स यांचा आवाज भारदस्त होता आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापासून तो वेगवेगळ्या केंद्रांवरून ऐकू येत होता. ‘द शॅडो’ या लोकप्रिय मालिकेतील नायक तेच होते. एका स्टुडिओतून दुसऱ्यात वेळेत पोहोचण्यासाठी ते भाड्याने रुग्णवाहिका घेत, असा किस्सा सांगितला जातो. या कमाईतला बराच भाग ते आपल्या नाटकांत घालत. रेडिओवरची लोकप्रिय कामे त्यांच्या रंगभूमीचे भांडवल होती.

रेडिओसाठी त्यांनी नवे काय केले?

‘सीबीएस’ने ११ जुलै १९३८ पासून मर्क्युरीच्या कलावंतांना दर आठवड्याला एक तास दिला. पहिली श्रुतिका होती ‘ड्रॅक्युला’. तोवर बरीचशी नभोनाट्ये म्हणजे माइकसमोर वाचलेले रंगमंचीय नाटक असे. वेल्स यांनी गोष्ट सांगणाऱ्याला मध्यभागी आणले. निवेदक ‘मी’ म्हणून थेट श्रोत्याशी बोले. पत्र, डायरी, आठवण, बातमी अशा रूपांतून गोष्ट पुढे जाई. श्रोता घरात एकटा किंवा कुटुंबासह बसलेला आहे, त्याच्या कानाशी बोलायचे आहे, हे त्यांनी ओळखले होते. संगीताची बाजू बर्नार्ड हरमन सांभाळत. पुढे हिचकॉकच्या ‘सायको’ला संगीत देणारे हरमन हेच.

‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’च्या रात्री नेमके काय घडले?

एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरून हॉवर्ड कॉच यांनी लिहिलेली संहिता सुरुवातीला कंटाळवाणी वाटत होती. उपाय म्हणून तिला बातमीपत्राचे रूप देण्यात आले. ३० ऑक्टोबर १९३८, रविवार, रात्री आठ. नृत्यसंगीत सुरू आहे, मध्येच बातमी येते, पुन्हा संगीत लागते. न्यू जर्सीतील ग्रोव्हर्स मिल या गावी काहीतरी कोसळले आहे. वार्ताहराची भूमिका करणारे फ्रँक रीडिक यांनी तयारी म्हणून हिंडेनबर्ग हवाई जहाजाच्या १९३७ मधील अपघाताचे ध्वनिमुद्रित वार्तांकन पुन्हा पुन्हा ऐकले होते. वार्ताहराचा आवाज अचानक तुटतो आणि काही सेकंद रेडिओ पूर्ण शांत होतो. ही शांतता वेल्स यांनी मुद्दाम ताणली. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड, हे श्रोत्याच्या मनात पक्के असते. त्यामुळे ती किंकाळीपेक्षा भीतिदायक ठरली.

हे नाटक आहे, असे सुरुवातीला सांगितले होते आणि नंतरही सांगितले गेले. पण उशिरा रेडिओ लावणाऱ्यांनी पहिली घोषणा ऐकली नव्हती. काही लोक खरोखर घाबरले. पोलीस आणि वृत्तपत्रांच्या कार्यालयांत फोन खणखणले. मात्र त्याच वेळी दुसऱ्या केंद्रावर एडगर बर्गन यांचा बोलक्या बाहुल्यांचा अत्यंत लोकप्रिय कार्यक्रम होता. त्या रात्री पाच हजार घरांत फोनवरून घेतलेल्या पाहणीत हे नाटक ऐकत असल्याचे सुमारे दोन टक्के लोकांनीच सांगितले. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातील अभ्यासात श्रोत्यांचा आकडा ६० लाखांवर नेण्यात आला, पण नंतरच्या संशोधकांना तो फुगलेला वाटतो.

मग देशभर हाहाकाराची बातमी कुठून आली? दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून. जाहिराती आणि ताज्या बातम्या रेडिओकडे चालल्या होत्या. रेडिओ बेजबाबदार आहे हे दाखवण्याची आयती संधी वृत्तपत्रांना मिळाली, असे अभ्यासक सांगतात. वेल्स यांनी पत्रकारांसमोर दिलगिरी व्यक्त केली. शिक्षा कुणालाच झाली नाही. उलट, प्रायोजक नसलेल्या या कार्यक्रमाला कॅम्पबेल ही सूप कंपनी मिळाली आणि हॉलिवूडचे दार उघडले. १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये जोसेफ कॉटन, अ‍ॅग्नेस मूरहेड, एव्हरेट स्लोन हे मर्क्युरीचेच कलावंत होते आणि संगीत हरमन यांचे होते.

तोच आवाज १९४६ मध्ये कोणासाठी उठला?

वेल्स यांच्या रेडिओ कारकिर्दीतील सर्वात जोखमीचे काम यानंतरचे आहे. आयझॅक वुडार्ड हे कृष्णवर्णीय सैनिक दुसऱ्या महायुद्धातून परतले. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी लष्करातून मुक्त झाल्यावर काही तासांतच, अंगावर गणवेश असताना, साउथ कॅरोलिनात बसचालकाशी झालेल्या वादानंतर त्यांना खाली उतरवून पोलिसांच्या हवाली करण्यात आले. मारहाणीत त्यांचे दोन्ही डोळे गेले. मारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कुणाला माहीत नव्हते.

२८ जुलैला वेल्स यांनी आपल्या साप्ताहिक कार्यक्रमात वुडार्ड यांचे प्रतिज्ञापत्र वाचले आणि या अधिकाऱ्याला शोधून काढणारच, असे जाहीर केले. पुढचे अनेक रविवार ते त्याच विषयावर बोलत राहिले. वुडार्ड यांनी आठवणीतून एकेन हे गाव सांगितले होते. ते चुकीचे निघाले. एकेनमध्ये वेल्स यांच्याविरुद्ध संताप उसळला, खटल्याची धमकी आली. शोधाअंती खरे ठिकाण बेट्सबर्ग आणि अधिकारी तिथला पोलीसप्रमुख लिनवुड शल असल्याचे समोर आले. खटला उभा राहिला, पण सर्व गोऱ्या ज्युरींनी अर्ध्या तासाच्या आत शलला निर्दोष सोडले.

तरीही प्रकरण तिथे थांबले नाही. वुडार्ड यांची हकिगत ऐकून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन हादरले. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी नागरी हक्क समिती नेमली आणि जुलै १९४८ मध्ये सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. खटल्याचे न्यायाधीश वॉटीज वेअरिंग यांनी १९५१ मध्ये शाळांतील वर्णभेदाविरुद्ध भिन्नमताचा निकाल लिहिला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच दिशा घेतली. वेल्स यांचा कार्यक्रम मात्र १९४६ च्या ऑक्टोबरमध्येच बंद झाला होता.

पुढे काय झाले आणि आज काय उरले?

त्याच वर्षी ‘अराउंड द वर्ल्ड’ हे खर्चिक संगीत नाटक ७५ प्रयोगांत आटोपले आणि वेल्स कर्जात बुडाले. पुढची बरीच वर्षे ते युरोपात राहिले. १९५५ मध्ये लंडनला ‘मॉबी डिक’, १९५६ मध्ये न्यूयॉर्कला ‘किंग लिअर’ त्यांनी केले. पाय दुखावल्यावर लिअरची भूमिका त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून निभावली. १९६० मध्ये लंडनमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए यांना घेऊन बसवलेले ‘ऱ्हायनॉसेरॉस’ हे त्यांचे रंगमंचावरचे शेवटचे दिग्दर्शन. १० ऑक्टोबर १९८५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रंगमंचावरचे काम प्रयोगाबरोबर संपते. हार्लेमच्या ‘मॅकबेथ’चा एका सरकारी माहितीपटात आलेला जेमतेम चार मिनिटांचा भाग तेवढा शिल्लक आहे. रेडिओच्या ध्वनिमुद्रिका मात्र मोठ्या संख्येने टिकल्या. मंगळवासीयांची ती रात्र आणि वुडार्ड यांच्यासाठी केलेली ती निवेदने, दोन्ही आज मोबाइलवर ऐकता येतात. पहिल्या ध्वनिमुद्रिकेची दंतकथा झाली, म्हणून दुसरी फारशी कुणी शोधत नाही. वेल्स यांचा दिग्दर्शक म्हणून आवाका समजून घ्यायचा तर दोन्ही पाठोपाठ ऐकायला हव्यात.