एसा ग्रे आणि हरवलेलं झाड

स्पेलिंग बघून आपण मराठी माणसं त्याला ‘असा ग्रे’ म्हणू, पण उच्चार आहे एसा. डार्विनचा अमेरिकेतला पाठीराखा म्हणून हा वनस्पतिशास्त्रज्ञ अनेकांना माहीत असतो. मला तो भेटला बागेतल्या ‘ओकोनी बेल्स’मुळे. जमिनीलगत पसरणारं, बारा महिने हिरवं असणारं हे दुर्मीळ झाड. त्याचं शास्त्रीय नाव, शॉर्टिया, ग्रेनेच ठेवलेलं.

ग्रेचा जन्म 1810 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातला. वडील कातडी कमावायचे. पोरगा 1831 मध्ये डॉक्टर झाला, पण जीव रमला झाडांत. 1839 मध्ये तो पॅरिसला होता. तिथं मिशो या फ्रेंच संशोधकाने अमेरिकेतून आणलेली वाळकी झाडं चाळताना त्याला एक बिननावाचा नमुना दिसला. पानं आणि एक फळ, फूल नाहीच. चिठ्ठीवर ठिकाण काय, तर कॅरोलिनाचे उंच डोंगर!

परत आल्यावर ग्रेने 1841 आणि 1843 मध्ये आमच्या नॉर्थ कॅरोलिनाचे डोंगर पालथे घातले. हाती काही लागलं नाही. तरी 1842 मध्ये केंटकीच्या डॉ. शॉर्ट यांच्या नावाने त्याने झाडाचं बारसं उरकलं होतं. शॉर्ट 1863 मध्ये वारले. आपल्या नावाचं झाड जिवंत बघणं काही त्यांच्या नशिबी नव्हतं.

मधल्या काळात ग्रे हार्वर्डला प्राध्यापक झाला. डार्विनने 1857 मध्ये त्याला पत्रातून आपला सिद्धांत कळवला, आणि त्याचा भाग पुढच्या वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला. पूर्व अमेरिका आणि जपान इथली झाडं एकमेकांची नातलग कशी, हे ग्रेने दाखवलं. शॉर्टियाचंही जपानात नात्यातलं झाड आहे. समुद्रापार गोतावळा काय आपलाच असतो का!

शेवटी 1877 मध्ये जॉर्ज हायम्स नावाच्या पोराला कटॉबा नदीकाठी हे झाड सापडलं. त्याचे वडील औषधी वनस्पती गोळा करायचे. नमुना ग्रेपर्यंत पोचला तो 1878 मध्ये. 39 वर्षं झाली होती! पुढच्याच वर्षी साठी ओलांडलेला ग्रे स्वतः जाऊन झाड बघून आला. मला वाटतं, खोड घातली त्या चिठ्ठीने. ग्रे शिखरं धुंडाळत होता आणि झाड होतं खाली, ओढ्याकाठच्या सावलीत. 1888 मध्ये ग्रे गेला.

मिशोला झाड सापडलं तो भाग साउथ कॅरोलिनात. तिथल्या कितीतरी ओकोनी बेल्स 1970 च्या दशकात जोकासी धरणाच्या पाण्याखाली गेल्या. म्हणूनच हे झाड घरी जपावंसं वाटतं.

सावलीची जागा असेल तर लावून बघाच. माती आम्लधर्मी हवी, ओल कायम हवी पण पाणी साचायला नको. ऱ्होडोडेंड्रॉनखाली छान जमतं. वर कुजलेला पाला पसरायचा आणि मुळं उकरायची नाहीत. वाढ अगदी मुंगीच्या पावलाने. थंडीत पानं तांबूस होतात आणि मार्चमध्ये पांढऱ्या घंटा लागतात. बी फार दिवस टिकत नाही, ताजंच पेरावं. आणि रोप घेताना, ते नर्सरीत वाढवलेलं आहे की जंगलातून उपटलेलं, एवढं जरूर विचारा.