सैनिकांच्या डब्यात नसलेली माणसं

चाळिशी ओलांडलेला, जगभर नाव झालेला एक लेखक जमिनीवर पालथा पडला आहे. एक डोळा मिटून तो दोन इंच उंचीच्या शिशाच्या सैनिकावर खेळण्यातल्या तोफेचा नेम धरतो आहे आणि शेजारी त्याची दोन मुलं श्वास रोखून बसली आहेत. मोठ्या लेखकाचं असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर सहसा येत नाही. आपण त्याला टेबल, दिवा आणि कागदांच्या चळतीसकट पाहतो. पण ‘द टाइम मशीन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सला ओळखायचं असेल, तर त्याला जमिनीवरच गाठायला हवं.

आज प्लास्टिकचे किंवा धातूचे चिमुकले सैनिक आणायचे, एकाचा हात कापून दुसऱ्याला जोडायचा, बारीक कुंचल्यानं त्यांचे गणवेश रंगवायचे आणि टेबलावर त्यांच्या लढाया खेळायच्या, हा छंद जगभर पसरला आहे. पोक्त माणसंसुद्धा त्यासाठी रात्री जागवतात. या छंदाचा मूळपुरुष म्हणून नाव घेतलं जातं ते वेल्सचं.

माझी नि त्याची या बाजूनं ओळख झाली ती वालचंदनगरात. बँकेच्या बदलीमुळे १९८७ ते १९९० अशी तीन वर्षं मी तिथे होतो. इंदापूर तालुक्यातल्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात साखर कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती हे गाव वसलं. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली. मग अणुऊर्जा केंद्रांची, रॉकेटची, युद्धनौकांची अवजड सामग्री. कॉलनीत संध्याकाळ झाली की करण्यासारखं फारसं नसे, म्हणून वाचन होई. शेजारच्या क्वार्टरमधले एक इंजिनिअर गृहस्थ निवृत्तीला आले होते. सगळी कॉलनी त्यांना काका म्हणे. त्यांनी एकदा माझ्या मुलासाठी म्हणून एक जुनं, चित्रांचं इंग्रजी पुस्तक दिलं. मुलगा चित्रं पाहून झोपी गेला आणि मी ते रात्रीतून वाचून काढलं. ते होतं ‘लिटल वॉर्स’, वेल्सचं १९१३ सालचं पुस्तक.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स जन्मला २१ सप्टेंबर १८६६ रोजी, लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावात. वडील जोसेफ चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचं सामान विकत. दुकान कायम तोट्यात. पण क्रिकेटच्या मैदानावर हा दुकानदार वेगळाच माणूस असे. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यानं लागोपाठ ४ चेंडूंत ४ गडी बाद केले होते. आई सारा एका जमीनदाराच्या हवेलीत चाकरी केलेली. सातआठ वर्षांचा असताना बर्टीचा, घरात त्याला बर्टी म्हणत, पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं हाताला लागेल ते पुस्तक वाचलं. पुढे तो म्हणे की त्या मोडलेल्या पायानं आपलं आयुष्य घडवलं. पण १८७७ साली वडिलांचीही मांडी मोडली. क्रिकेटचं उत्पन्न बंद झालं आणि काही वर्षांत आई पुन्हा त्याच हवेलीत कारभारीण म्हणून राहायला गेली. घर विस्कटलं.

या काळातल्या बर्टीचं एक गुपित वेल्सनं १९३४च्या आत्मचरित्रात सांगून टाकलं आहे. हा किडकिडीत, अर्धपोटी मुलगा ब्रॉम्लीच्या रस्त्यांवरून एकटा फिरायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचा एक गरीब पोरगा. त्याच्या मनात मात्र तो सेनापती असायचा. भोवती अदृश्य सरदार, हुकमासरशी दौडणारे स्वार, आणि समोरच्या टेकडीखालच्या घरांवर रोखलेल्या तोफा. साठी उलटून गेलेल्या वेल्सनं यावर जे लिहिलं ते विचार करायला लावणारं आहे. त्याच्या मते अशी स्वप्नं बहुतेक मुलांना पडतात आणि वयाबरोबर विरून जातात. ज्यांची विरत नाहीत ते मोठेपणी खरी सैन्यं हाती धरतात, आणि जग त्याची किंमत मोजतं. हे लिहिलं तेव्हा हिटलर सत्तेवर येऊन वर्षच झालं होतं.

चौदाव्या वर्षापासून बर्टीला कापडाच्या दुकानांत उमेदवारीला घातलं. साउथसी इथल्या दुकानात तर दिवसाचे तेरा-तेरा तास उभं राहायचं, रात्री इतर नोकरांबरोबर मोठ्या खोलीत झोपायचं. दोन वर्षांनी तो तिथून सुटला आणि एका शाळेत शिकवता शिकवता स्वतः शिकू लागला. १८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेला. तिथे थॉमस हक्सले यांच्याकडे जीवशास्त्र शिकला. डार्विनचा विचार हक्सलेंच्या तोंडून ऐकलेला हा मुलगा पुढे कधीच पूर्वीसारखा राहिला नाही. नंतर शिक्षकी करताना फुटबॉलच्या मैदानावर जबर मार बसला. मूत्रपिंड दुखावलं, रक्ताच्या गुळण्या झाल्या, क्षयाची शंका आली. माणूस फार जगणार नाही असं सगळ्यांना वाटलं. त्यानं लेखणी धरली आणि १८९५ ते १८९८ या चार वर्षांत ‘द टाइम मशीन’, ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’, ‘द इन्व्हिजिबल मॅन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ अशी एकामागून एक पुस्तकं आली. १९०३ साली त्यानं लोखंडी चिलखत घातलेल्या, शेतं तुडवत जाणाऱ्या युद्धयंत्रांची गोष्ट लिहिली. खरे रणगाडे सोमच्या रणांगणावर उतरले १९१६ साली.

पैसा आला, समुद्रकाठी सँडगेटला घर झालं. १९०१ साली जिप आणि १९०३ साली फ्रँक असे दोन मुलगे झाले. ज्याच्या स्वतःच्या लहानपणात भांड्यांच्या दुकानामागची अंधारी खोली होती, त्यानं मुलांसाठी घरातली अख्खी जमीन मोकळी सोडली. लाकडी ठोकळ्यांची शहरं, फळ्यांची बेटं, आगगाड्या. या खेळांवर त्यानं १९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ लिहिलं. मग जेवणानंतरच्या एका दुपारी घरी आलेल्या पाहुण्यानं खेळण्यातल्या तोफेतून एक शिशाचा सैनिक टिपला आणि इतरांना आव्हान दिलं. पुस्तकात त्याची फक्त आद्याक्षरं आहेत, पण तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असावा असं मानतात. त्या एका नेमातून लढायांचा खेळ जन्मला.

हे सैनिक कसे होते तेही सांगायला हवं. पूर्वी बाजारात जर्मनीचे भरीव, महाग सैनिक असत. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन्स कंपनीनं युक्ती काढली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं आणि आतलं थिजायच्या आधीच उलटं ओतून टाकायचं. साच्याला चिकटून राहिलेलं पातळ कवच म्हणजे सैनिक. आतून पोकळ, म्हणून हलका. शिसं कमी, म्हणून स्वस्त. त्यावर हातानं रंग दिलेला. मध्यमवर्गाच्या घरात पलटणी आल्या त्या या पोकळपणामुळे.

वेल्सनं त्यांना नियम दिले. पायदळानं एका खेपेला एक फूट चालायचं, घोडदळानं दोन फूट. तोफेजवळ चार माणसं जिवंत नसतील तर तोफ गप्प. चाल करायला वेळ ठरलेला. समोरासमोर गाठ पडली तर सारख्यास सारखे मारले जाणार. प्रत्यक्ष फौजी अधिकारी या खेळात आले की साध्या नियमांतच त्यांचा गोंधळ उडे, हे वेल्सनं मोठ्या खुशीत नोंदवलं आहे. आणि पुस्तकाच्या शेवटी खेळकर सूर बाजूला ठेवून त्यानं आपलं म्हणणं मांडलं. दोनचार वेळा हा खेळ खेळून पाहिलेल्या माणसाला कळून चुकेल की खरं युद्ध हा केवढा मूर्ख, केवढा खर्चीक घोटाळा असणार. तेव्हा युद्धाची खुमखुमी असलेल्या राजांना आणि सेनापतींना एका खोलीत कोंडावं, त्यांना भरपूर शिशाचे सैनिक द्यावेत, आणि बाकीच्या जगाला कामं करू द्यावीत.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ब्रिटन महायुद्धात उतरलं. त्याच दिवशी वेल्सला आणखी एक मुलगा झाला. लेखिका रिबेका वेस्ट ही त्याची आई. या मुलाच्या वाट्याला जमिनीवर पालथा पडणारा बाप फारसा आला नाही. वेल्सच्या चरित्रातलं हे पान झाकून पुढे जाता येत नाही. आणखी एक पान असंच. वर्षापूर्वी युद्धाची टर उडवणारा हा माणूस आता हे युद्ध सगळी युद्धं संपवणारं ठरेल असं लिहू लागला. १९१८ साली शत्रूच्या मनावर मारा करणाऱ्या सरकारी प्रचारखात्यातही त्यानं काम केलं. पण याच काळात, १९१६ साली, ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ ही कादंबरी आली. रणांगणावर मुलगा गमावलेल्या बापाची ही गोष्ट. ज्या जर्मन तरुणानं कधीकाळी याच्या घरी राहून मुलांना शिकवलं, तोही मेला आहे, आणि हा बाप त्याच्या आईवडिलांना पत्र लिहायला बसतो. वेल्सची स्वतःची मुलं लहान होती म्हणून वाचली. जिप पुढे प्राणिशास्त्रज्ञ झाला, फ्रँक चित्रपटांच्या जगात गेला.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ‘फ्लोअर गेम्स’मध्ये वेल्सची एक तक्रार आहे. दुकानात सैनिक हवे तेवढे मिळतात, पण साधी माणसं मिळत नाहीत. वाणी नाही, पोस्टमन नाही, बाजाराला निघालेली बाई नाही. शहर बांधावं तर राहायला फक्त पलटण. म्हणून बापलेकांनी काही सैनिक आपल्या गावचे पोलीस म्हणून खपवले. म्हणजे दुकानात न मिळणारा माणूस हाताशी असलेल्यातून घडवायचा, हे या छंदाच्या जन्मापासूनच आहे.

हे वाचताना मला आमच्या कॉलनीतले दिवाळीचे किल्ले आठवले. दगड, विटा, पोती, त्यावर काळ्या मातीचा चिखल. बॉयलरच्या राखेचे रस्ते. उतारावर पेरलेली मोहरी आणि हळीव. गेल्या वर्षीचे मावळे खोक्यातून निघत तेव्हा कुणाचा हात गेलेला, कुणाचा भाला. काड्यापेटीची काडी आणि मेण लावून डागडुजी होई, पगडीला नवा रंग मिळे. ज्याचा हात दुरुस्तीपलीकडे गेला त्याला पांढरं धोतर रंगवून शेतात उभं करत. तो राखणदार होई. आणि गडाच्या पायथ्याशी, कुणी न सांगता, गवळण, भाजीवाली, वासुदेव, जात्यावरची बाई, विहिरीवरचा रहाट असा सगळा गाव मांडला जाई. कुंभार हे सगळं मावळ्यांबरोबर एकाच पाटीत घेऊन बसे. वेल्सला लंडनमध्ये न मिळालेली माणसं इंदापूरच्या बाजारात रुपया-दोन रुपयांना होती.

हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. १६७४च्या राज्याभिषेकापूर्वी शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या आपल्याच लष्कराला पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा बेतानं वापरा, नाहीतर पावसाळ्यात तो संपेल आणि तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. मग लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. रात्री दिव्याची वात उंदरानं नेली तर गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत काळजी. लढाईच्या हिशेबात रयतेचं खातं उघडं ठेवणारा हा राजा. पोरं त्याचा किल्ला करतात आणि पायथ्याशी रयत मांडतात. ही शिकवण पुस्तकातून आलेली नाही, हातातून आली आहे.

आयुष्यभर बँकेत हिशेब पाहिल्यामुळे असेल, मला वाटतं वेल्सच्या खेळात एवढंच एक खातं कमी पडलं. त्यात मेलेले सैनिक मोजता येत होते. घर जळालेली माणसं मोजायची सोय नव्हती. आणि विसाव्या शतकात मेली ती प्रामुख्यानं तीच. हेही वेल्सला इतरांच्या आधी दिसलं होतं. १९१४ सालच्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्यानं शहरंच्या शहरं जाळणारा अणुबाँब कल्पिला, त्याला ते नावही दिलं. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञानं ती कादंबरी १९३२ साली वाचली, आणि पुढच्या वर्षी अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याच्या मनात आली.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना म्हातारा, मधुमेही वेल्स घर सोडून गेला नाही. १९४० साली त्यानं ‘द राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं. कुठल्याही देशातल्या कुठल्याही साध्या माणसाला काही हक्क असलेच पाहिजेत, आणि ते सरकारनं लढाईच्या नावाखाली हिरावून घेता कामा नयेत, हा त्याचा आग्रह होता. आयुष्याच्या अखेरीस त्यानं ती माणसं पटावर मांडायला घेतली, असं मी त्याकडे पाहतो. हिरोशिमाची बातमी त्याला ऐकावी लागली. १३ ऑगस्ट १९४६ रोजी तो गेला. संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला तो १९४८च्या डिसेंबरात.

मुलांच्या हाती खेळण्यातली तलवार द्यावी की नाही, यावर हल्ली पालकांत वाद होतात. मी त्यात पडत नाही. मुलं लढाया खेळणारच. आपण एवढं करावं, आणलेल्या मावळ्यांबरोबर एक भाजीवालीही आणावी, आणि जमलं तर तासभर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसावं.