प्रो. त्रिभुवनदास गज्जर

जळगावच्या विद्यापीठात पेंट तंत्रज्ञानाची पदवी मिळू लागली, तरी रंगाचा धंदा रंगाऱ्याचा, त्यात आपल्या मुलाने कशास पडावे, असे काही पालकांस अद्याप वाटते. त्यांच्यासाठी आम्ही हे अल्पचरित्र सादर करीत आहोत.

गज्जरांचा जन्म १८६३ साली सुरतेस सुतार कुटुंबात झाला. एम. ए. होऊन ते बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन निघाले, त्याचे गज्जर हे प्राण होत. कृत्रिम रंग त्या काळी मुख्यतः जर्मनीहून येत. ते पारखून कापडावर चढविण्याची विद्या येथे कारागिरांच्या मुलांस गुजराथीतून मिळे. इंग्रजी येत नाही म्हणून कोणाचे शिक्षण अडले नाही. 'रंगरहस्य' हे नियतकालिकही त्यांनी याच विषयास वाहिले होते. दादासाहेब फाळके काही काळ याच कलाभवनात शिकले, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

१८९६ साली मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास कोणी डांबर फासले. इतर तज्ज्ञांनी हात टेकले, तेव्हा गज्जरांनी रसायनांनी तो डाग काढला. त्यांचे नाव झाले ते यामुळे. आम्हांस मात्र कलाभवनाचे वर्ग अधिक मोलाचे वाटतात. पुढे त्यांच्या शिष्यांच्या साह्याने १९०७ मध्ये ॲलेंबिक कारखाना उभा राहिला. १९२० साली ते निवर्तले.