शब्दांचीं मुळें शोधणारे विल्यम केरी

शास्त्रीय पुस्तकांतील लांबलचक परकी शब्द पाहिले, कीं पुष्कळ विद्यार्थ्यांची छाती दडपते. परंतु त्या शब्दांचीं मुळें ओळखावयास शिकलें, तर कित्येकांचा अर्थ कोश न उघडतांहि तर्कानें काढतां येतो. लॅटिन भाषेंत ‘आर्बर’ म्हणजे झाड, ‘हर्बा’ म्हणजे लहान रोप, ‘ग्रांडिस’ म्हणजे मोठा आणि ‘फोलियम’ म्हणजे पान. एवढें ठाऊक असलें, म्हणजे सागाला ‘टेक्टोना ग्रांडिस’ म्हणतांना त्याच्या मोठेपणाकडे आणि मोहाला ‘मधुका लाँगिफोलिया’ म्हणतांना त्याच्या लांब पानांकडे बोट दाखविलें आहे, हें सहज कळतें. ही विद्या एका गरीब मुलानें जोडे शिवतां शिवतां मिळविली व पुढें ती मराठी भाषेच्याहि उपयोगीं आणली. त्याचें नांव विल्यम केरी.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांत नॉर्दॅम्पटन परगण्यांतील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. वडील प्रथम विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे शिक्षक झाले. विल्यमला लहानपणापासून झाडेंझुडपें व किडे गोळा करण्याचा छंद होता. सुमारें बाराव्या वर्षीं लॅटिन शब्दांचें एक लहानसें पुस्तक त्याच्या हातीं आलें व तें त्यानें सगळें मुखोद्गत केलें. घरची स्थिति बेताची, त्यांतच उन्हाचा त्रास होऊन अंगावर विकार उठत असल्यामुळें शेतावरचें काम त्याला झेपेना. म्हणून वडिलांनीं त्याला जोडे करणाऱ्याच्या दुकानांत उमेदवार म्हणून ठेवलें.

त्या दुकानांत बायबलाच्या नव्या कराराची एक टीका होती. तींत मधून मधून ग्रीक अक्षरांतील शब्द येत. विल्यमला ग्रीक अक्षरओळखहि नव्हती. दुसरा कोणी तीं पानें उलटून गेला असता. परंतु विल्यमनें त्या अक्षरांचे आकार जसेच्या तसे कागदावर उतरून घेतले. पॉलर्सपरी येथें पूर्वायुष्यांत चांगलें शिक्षण झालेला एक विणकर राहत असे. गांवीं जाणें होई तेव्हां विल्यम तो कागद त्याच्यापुढें ठेवी आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घेई. न समजलेला शब्द नीट टिपून ठेवावा, आणि जाणत्याकडून त्याची खातरजमा करून घ्यावी, ही त्याची रीत तेथेंच ठरली. पुढें हातांत आरी आणि समोर उघडें पुस्तक अशा स्थितींत त्यानें लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच व फ्रेंच या भाषा आत्मसात केल्या.

पुढें केरी धर्मोपदेशक झाले आणि १७९३ च्या नोव्हेंबरांत बंगाल्यांत उतरले. कांहीं वर्षें निळीच्या कारखान्यावर काढल्यावर १८०० च्या जानेवारींत ते कलकत्त्याजवळील सेरामपूर येथें राहावयास गेले. हें शहर त्या वेळीं डेन्मार्कच्या ताब्यांत होतें. दुसऱ्याच वर्षीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत त्यांची नेमणूक झाली. तेथें ते सुमारें तीस वर्षें बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत होते.

मराठीशीं त्यांचा संबंध येतो तो येथें. कंपनी सरकारचे तरुण अधिकारी मराठी मुलखांत येत, पण त्यांना शिकण्यास छापील साधन नव्हतें. केरीसाहेबांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. कोशांतील मराठी शब्द मोडी ठशांनीं छापले होते. या कामीं त्यांना पंडित वैजनाथ यांचें मोठें साहाय्य झालें. संस्कृत येणाऱ्या माणसाला मराठी शब्दाचें मूळ पुष्कळदां दिसतें; परंतु तो शब्द लोकांच्या तोंडीं आज कोणत्या अर्थानें आहे, हें मुळावरून समजत नाहीं. तें सांगावयास ती भाषा बोलणाराच लागतो. पंडिताला शेजारीं बसवून कोश रचणाऱ्या केरीसाहेबांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. त्यांच्या छापखान्यांतून पुढें मराठी पुस्तकें निघालीं. वऱ्हाडावर ज्यांचा अंमल होता त्या नागपूरकर भोसल्यांची वंशावळहि त्यांत होती.

याच सुमारास त्यांनीं एक अचाट काम आरंभिलें होतें. संस्कृत शब्द मूळ धरून त्याचीं निरनिराळ्या देशभाषांतील रूपें एकत्र देणारा बहुभाषी कोश ते रचीत होते. परंतु ११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागदाचे ढीग, अनेक लिपींचे ठसे आणि वर्षानुवर्षें लिहिलेलीं हस्तलिखितें जळून गेलीं. त्यांत या कोशाचेंहि साहित्य होतें. केरीसाहेबांचें वय तेव्हां पन्नास वर्षांचें होतें. त्यांनीं शोक आवरला, वितळलेल्या शिशाचे पुन्हां ठसे ओतविले आणि कांहीं महिन्यांत छापखाना चालूं केला. व्याकरणें व भाषांतरें पुन्हां लिहिलीं गेलीं. तो बहुभाषी कोश मात्र कधींच पुरा झाला नाहीं.

शब्दांइतकीच त्यांना वनस्पतींची आवड होती. सेरामपूरला त्यांनीं सुमारें पांच एकरांची बाग केली आणि तींतील झाडें स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांच्या पद्धतीनें वर्गवार लाविलीं. १८२० सालीं त्यांनीं शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं एक संस्था स्थापन केली. कलकत्त्याच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉ. रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा भारतीय वनस्पतींवरील मोठा ग्रंथ केरीसाहेबांनींच छापून प्रसिद्ध केला.

प्रत्यक्ष झाड समोर ठेवून त्याचें नांव शिकण्यांत काय लाभ आहे, हें आपल्या वऱ्हाडांतील उदाहरणांवरून कळेल. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनींत पिढ्यान् पिढ्या पिकलेल्या देशी कपाशीचें लिनियसनें दिलेलें नांव ‘गॉसिपियम आर्बोरियम’ असें आहे. मुळावरून तर्क केला, तर कपाशीचा वृक्ष असावा असें वाटेल. पण शेतांत पाहावें, तर दरवर्षीं पेरलें जाणारें तें एक झुडूप! लिनियसला ज्या जातीची माहिती होती, ती अनेक वर्षें टिकणारी व उंच वाढणारी होती, म्हणून हें नांव पडलें. चिंचेच्या ‘टॅमॅरिंडस इंडिका’ या नांवांत तर लॅटिन मूळ शोधून मिळणार नाहीं. अरबी लोक चिंचेला ‘हिंदुस्थानचा खजूर’ अशा अर्थाच्या शब्दानें ओळखीत, त्यावरून तें नांव आलें आहे. आणि चिंच खजूर तर नव्हेच, शिवाय तिचें मूळस्थानहि आफ्रिका आहे. तात्पर्य, मूळ आपणांस वाट दाखवितें. पण वस्तु पाहिल्यावांचून मुक्काम गांठला असें समजूं नये.

आतां एक शेवटचें नांव पाहूं. मेळघाटाच्या जंगलांत कुंभी नांवाचें झाड आहे. त्याचीं पानें मोठीं असतात. उन्हाळ्यांत पांढऱ्या पाकळ्यांचीं व गुलाबी केसरांचीं फुलें येतात, आणि फळ हिरवें, गोल, लहानशा घड्यासारखें असतें. त्याच्या सालीचे तंतु पूर्वीं तोड्याच्या बंदुकांस वातीसाठीं वापरीत. या झाडाचें शास्त्रीय नांव ‘केरिया आर्बोरिया’. दुसऱ्या शब्दाचा अर्थ आतां कोणीहि सांगेल, आणि येथें तो खराहि आहे, कारण कुंभी हा वृक्षच आहे. परंतु ‘केरिया’ या शब्दाचें मूळ लॅटिन कोशांत कितीहि धुंडाळलें, तरी सांपडावयाचें नाहीं. तें मूळ पॉलर्सपरीच्या विणकराच्या घरांत आहे. डॉ. रॉक्सबर्ग यांनीं आपल्या मित्राच्या गौरवार्थ तें नांव दिलें.

९ जून १८३४ रोजीं डॉ. केरी सेरामपूर येथें निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, अनोळखी शब्द भेटला तर त्याला भिऊन पान उलटूं नका. प्रथम त्याचें मूळ शोधा, मग तर्क करा, आणि तो तर्क जाणत्या माणसाकडून व प्रत्यक्ष वस्तूवरून पारखून घ्या. जोड्याच्या दुकानांतील त्या मुलाजवळ याहून अधिक साधन नव्हतें.