हातांना काम परत देणाऱ्या कै. कमलाबाई निंबकर

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले आणि एका थोर स्त्रीचे चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. थोर स्त्रिया म्हटल्या की जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे आपल्या ओठी येतात, आणि ती यावयासच हवीत. अहिल्याबाई तर आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. परंतु ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे त्यांचे नाव आपल्या घोडेगावात फारसे कुणाच्या कानावर आले नसेल. काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते. ते नाव कमलाबाई निंबकर. ते माझ्या उंबऱ्यापर्यंत कसे पोहोचले हे आधी सांगते, कारण त्यावाचून या चरित्राचे मोल मला कधीच कळले नसते.

माझ्या सासूबाई, आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणत असू, उभा जन्म राबल्या. कांदा निवडण्यात त्यांचा हात धरणारी बाई आमच्या वस्तीवर नव्हती. मोठा कांदा, मध्यम, गोल्टी, जोडकांदा असे नुसत्या तळहाताच्या अंदाजाने त्या वेगळे करीत. पुढे मुलांचे बरे चालले, पक्के घर झाले आणि आम्ही सर्वांनी मिळून त्यांना विश्रांती द्यावयाचे ठरवले. त्यांच्या हातचे सूप काढून घेतले, चुलीपाशी बसू नका म्हटले, कोठीच्या किल्ल्या मी माझ्या कमरेला लावल्या. शेजारीपाजारी आमचे कौतुक करीत, की अशा सुना मिळावयास पुण्य लागते.

वर्ष-दीड वर्षातच आत्याबाई विसरू लागल्या. एकच गोष्ट दहादा विचारीत. तिन्हीसांजा झाल्या की घरी जाते म्हणून घरातूनच निघत. दिवसभर बोटांनी पदराचा काठ पिळीत बसत. एकदा त्या हमरस्त्यापर्यंत गेल्या. नगर-संभाजीनगर रस्त्यावरच्या मालमोटारी कशा धावतात ते आपण जाणताच. त्या दिवसापासून मी बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी घालू लागले. हे लिहिताना हात अडखळतो, पण खोटे लिहिण्यात अर्थ नाही.

शहरातल्या डॉक्टरांनी हा स्मृतिभ्रंशाचा आजार असल्याचे सांगितले. तो मुळापासून बरा करणारे औषध नाही, हेही सांगितले आणि आम्हांला एका तरुण व्यवसायोपचार करणाऱ्या मुलीकडे पाठविले. तिने आजाराविषयी थोडेच विचारले. आत्याबाई जन्मभर काय करीत होत्या, कोणत्या कामाचा त्यांना अभिमान होता, सकाळी उठल्यावर त्यांचे हात पहिल्यांदा कशाकडे जात, असे ती विचारीत राहिली. आमच्या घरात हे कुणी कुणाला कधी विचारले नव्हते. निघताना मी तिला विचारले, की बाई, ही विद्या तू कुठे शिकलीस? ती म्हणाली की मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, निंबकरबाईंनी काढलेल्या शाळेत. त्या दिवसापासून मी निंबकरबाईंचा शोध घेऊ लागले.

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा, अमेरिकेतला. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. घराणे क्वेकर पंथाचे. हा पंथ ख्रिस्ती असला तरी त्यात पुरोहिताचे प्रस्थ नाही. साधी राहणी, शांतता आणि माणसामाणसांत भेद न करणे यांवर त्यांचा भर. वेड्यांच्या उपचाराच्या इतिहासात या पंथाला मोठा मान आहे. इंग्लंडात यॉर्क शहरी वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली हॅना मिल्स नावाची एक क्वेकर विधवा दाखल झाली आणि थोड्याच आठवड्यांत तिथे मरण पावली. तिच्या धर्मबंधूंना तिला भेटूही दिले गेले नव्हते. त्या दुःखातून विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ नावाचे वेगळे घर उघडले. त्या काळी वेड लागलेल्या माणसाला साखळदंडात ठेवीत. ट्यूकच्या घरी त्यांना बागकाम, शिवणकाम आणि घरातले काम देऊ लागले, व माणसासारखे वागवू लागले. अमेरिकेतील क्वेकरांनीही फिलाडेल्फियाजवळ १८१७ मध्ये असेच रुग्णालय उघडले.

कामाने मन सावरते ही जाण पुढे शास्त्राच्या रूपाला आली. १९१७ साली अमेरिकेत क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी सहा जणांनी या उपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापिली. त्या सहांत तीन स्त्रिया होत्या. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या आणि मन खचलेल्या सैनिकांना उभे करण्यासाठी या विद्येचा फार उपयोग झाला. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात. येथे व्यवसाय म्हणजे दुकानदारी नव्हे. ज्यात माणसाचे मन आणि हात गुंततात ते सारे, अंघोळ करण्यापासून ते विणकामापर्यंत, या शब्दात येते.

१९३०च्या सुमारास एलिझाबेथ हिंदुस्थानात आल्या, विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला आणि कमला झाल्या. नाव बदलले, देश बदलला, संसार मांडला. १९३१ साली त्यांना मुलगा झाला, तेच पुढे शेतीसंशोधनासाठी नावाजलेले बनबिहारी निंबकर. फलटणच्या त्यांच्या संस्थेने जुळी कोकरे देणारी मेंढी तयार केली, तिचे नाव आपल्याकडच्या मेंढपाळांनाही ठाऊक आहे. कमलाबाईंच्या सूनबाई जाई या इरावती कर्वे यांची कन्या आणि महर्षी कर्वे यांची नात. एक अमेरिकन मुलगी अशी पुरती मराठी घरातली झाली.

आरंभी कमलाबाई मुलांच्या शिक्षणाच्या कामात होत्या. पण त्यांच्या आयुष्यातले खरे कार्य चाळिशी उलटल्यावर सुरू झाले. ज्या वयात आपण आता काय शिकावयाचे राहिले असे म्हणून चष्मा पुसत बसतो, त्या वयात त्या अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची भारतातली पहिली शाळा उघडली. देश नुकता स्वतंत्र झालेला, रुग्णालयात खाटा अपुऱ्या, औषधे अपुरी. अशा वेळी रोग्याला काम देऊन बरे करावयाचे हे लोकांना पटविणे सोपे नसणार. रुग्णालयात मनुष्य विश्रांतीसाठी जातो, अशीच आपली समजूत.

१९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली आणि कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी या विद्येचा जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याचे संस्थापक देश दहा होते आणि त्यांत अमेरिका, इंग्लंड यांच्या जोडीला भारत होता. शाळा उघडून दोनच वर्षे झालेली असताना भारताला हा मान मिळाला. पुढे नागपुरासही हे शिक्षण सुरू झाले. अपंगांच्या पुनर्वसनाविषयी कमलाबाई लिहीत राहिल्या. भारतातल्या या विद्येचा इतिहासही त्यांनी लिहून ठेवला. १९७९ साली त्यांचे निधन झाले. फलटणच्या एका नामांकित मराठी शाळेला आज त्यांचे नाव आहे.

कुणी म्हणेल, की रिकामपणापेक्षा काम बरे हे तर आपल्या आजीलाही ठाऊक होते, त्यात शास्त्र ते काय? मलाही तसेच वाटत होते. पण अलीकडच्या संशोधनाने एक बारीक गोष्ट उघड केली आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे साठीपुढच्या ३६१ स्त्रीपुरुषांवर झालेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले होते. एका गटाला नऊ महिने व्यवसायोपचार मिळाला. त्यात प्रत्येकाचा दिवस कसा जातो, त्याला कशात अर्थ वाटतो, हे पाहून त्याप्रमाणे आखणी केलेली होती. दुसऱ्या गटाला एकत्र जमवून करमणुकीचे कार्यक्रम दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पहिल्या गटाचे आरोग्य व मनःस्थिती यांत लाभ दिसला. करमणुकीच्या गटाची अवस्था मात्र काहीच न मिळालेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना नुसते एकत्र बसवून टाळ्या वाजवावयास लावणे पुरेसे नाही.

२००६ साली हॉलंडमध्ये स्मृतिभ्रंशाचे १३५ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी घरची माणसे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच आठवड्यांत घरी येऊन दहा वेळा शिकविल्यावर रुग्णांची रोजची कामे सुधारली आणि काळजी घेणाऱ्यांनाही आपल्याला हे जमते असा धीर आला. हेही सांगितले पाहिजे, की पुढे जर्मनीत व ब्रिटनमध्ये तशाच प्रयोगांतून एवढा लाभ दिसून आला नाही. तेव्हा ही जादूची कांडी नव्हे. कोण शिकवितो, कसे शिकवितो आणि घरची माणसे किती साथ देतात, यावर पुष्कळ अवलंबून असावे, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते.

आमच्या घरी त्या मुलीने काय केले? फार काही मोठे नाही. आत्याबाईंच्या पुढे एक टोपली कांदे आणि दोन रिकाम्या पाट्या ठेवावयास सांगितल्या. चार पाट्या नकोत, दोनच. मोठा इकडे, लहान तिकडे. मधे बोलू नये, चूक काढू नये, परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. काम रोज त्याच वेळी, त्याच जागी, ओसरीवर. तिन्हीसांजेची वेळ अवघड, म्हणून तेव्हा वाती वळावयास द्याव्या.

पहिल्या दिवशी आत्याबाई टोपलीकडे बघत राहिल्या. मग एक कांदा उचलला, तळहातावर तोलला आणि बरोबर पाटीत टाकला. मग दुसरा. माझे नाव ज्यांना आठवत नव्हते त्यांच्या बोटांना गोल्टी कोणती ते आठवत होते. टोपली संपल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की पूर्वी मी भाकरी करपवली म्हणजे त्या जशा बघत. मला रडू कोसळले, कारण कितीतरी महिन्यांनी मला माझ्या सासूबाई भेटल्या होत्या.

आत्याबाई बऱ्या झाल्या नाहीत. विसरणे वाढतच गेले आणि दोन वर्षांनी त्या गेल्या. पण त्या दोन वर्षांत बाहेरची कडी मला फारच क्वचित घालावी लागली. किल्ल्यांचा एक जुना जुडगा मी त्यांच्या कमरेला लावून दिला होता. तो कोणत्याही कुलपाचा नव्हता, पण तो असला की त्या घरातल्या होत्या.

भगिनींनो, येथे एक शंका तुमच्या मनात येईल आणि ती रास्त आहे. बाईच्या जातीला का कामाची वाण आहे? जन्मभर राबलेल्या बाईला म्हातारपणीही कामच द्यावयाचे का? शिवाय काही ठिकाणी उपचाराच्या नावाखाली रुग्णांकडून फुकट राबवून घेतल्याचीही उदाहरणे इतिहासात आहेत. उत्तर असे, की आत्याबाईंचे कांदे बाजारात गेले काय आणि न गेले काय, आम्हांला त्याचा हिशेब नव्हता. ज्या कामाचा लाभ घराला होतो ते कष्ट, आणि ज्या कामाचा लाभ करणाऱ्याला होतो तो उपचार. काम तेच असले तरी हा फरक कधी विसरू नये. आणि एखादीला कांदा नकोच असेल, तिला जन्मभर न मिळालेली रांगोळी किंवा लिहिण्याची पाटी हवी असेल, तर तेच तिचे काम. विचारल्यावाचून ते कळावयाचे नाही. आम्ही आत्याबाईंची कामे काढून घेतली तेव्हा त्यांना विचारले नव्हते, ही आमची चूक होती. हेतू चांगला होता म्हणून ती लहान ठरत नाही.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भजन होते, सहली होतात. ते सारे असू द्या. या वर्षी त्यात एका गोष्टीची भर घालू या. प्रत्येकीने आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून, त्यांच्या हातचे कोणते काम आपण काढून घेतले, ते विचारावे, आणि त्यांतले एक, त्यांना झेपेल एवढे, त्यांना परत द्यावे. घरात कुणाचे मन बिघडलेले असेल तर लपवू नये, डॉक्टरांना दाखवावे आणि व्यवसायोपचाराची सोय कुठे आहे तेही त्यांनाच विचारावे.

सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एका बाईने मुंबईत एक शाळा उघडली आणि तिची एक विद्यार्थिनी कित्येक वर्षांनी घोडेगावच्या एका ओसरीवर कांद्याची टोपली ठेवून गेली. कमलाबाईंना माझे आभार पोहोचविण्याचा मार्ग आता नाही. म्हणून ते या स्मरणिकेत लिहून ठेवीत आहे.