‘जर्मन’ धातूचा अमेरिकन जनक

आमच्या बीड जिल्ह्यात ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मनचं भांडं’ म्हणतात. ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडात जर्मनचं पातेलं हमखास असतं. हा धातू गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचला त्याचं मोठं श्रेय मात्र एका अमेरिकन तरुणाचं. त्याचं नाव चार्ल्स मार्टिन हॉल.

हॉलचा जन्म ६ डिसेंबर १८६३ चा, ओहायो राज्यातला. वडील पाद्री. त्या काळी ॲल्युमिनियम जवळपास चांदीच्या तोलाचं होतं. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर त्याचं जेमतेम तीन किलोचं टोक बसवलं, तेही मोठ्या कौतुकानं. इमारतीवर हा धातू असा कळसासारखा चढला!

ओबर्लिन कॉलेजात प्राध्यापक ज्युएट यांच्याकडून हॉलनं या धातूविषयी ऐकलं आणि तो झपाटला. घरामागच्या लाकडी खोपटात भट्टी, वीजघटही घरीच बनवलेले. ॲल्युमिना वितळवायला दोन हजार अंशांहून जास्त उष्णता लागते. हॉलनं तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवला आणि त्यातून वीज सोडली. मातीच्या मुशीनं घोटाळा केला, तेव्हा तिला आतून कोळशाचं अस्तर दिलं. २३ फेब्रुवारी १८८६ रोजी तळाशी चंदेरी गोळ्या दिसल्या. वय अवघं बावीस! बहीण ज्युलियाही रसायनशास्त्र शिकलेली. पुढे पेटंटच्या वादात तिची साक्ष कामी आली. इतिहासानं तिची आठवण जरा कंजुषीनंच ठेवली, असं मला वाटतं.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरूलाही हीच युक्ती सुचली. योगायोग असा, की दोघं जन्मले १८६३ साली आणि गेले १९१४ साली. १८८८ मध्ये पिट्सबर्गला हॉलची कंपनी निघाली आणि धातूचा भाव कोसळत गेला. अविवाहित हॉलनं संपत्तीचा तिसरा हिस्सा आपल्या कॉलेजला ठेवला.

आता आमच्याकडे सागाच्या चौकटी जाऊन ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या आहेत. हॉलच्या पद्धतीनं एक किलो धातू काढायला सुमारे चौदा युनिट वीज लागते. जुना धातू वितळवून पुन्हा वापरला, तर ऊर्जा लागते नव्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास. परळीच्या वीजकेंद्रात कोळसा जळताना पाहणाऱ्याला हा फरक समजावून सांगायला नको.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतलं एक घर पाडलं. विटामातीचा ढिगारा हलवायला मालकानं ट्रॅक्टरचं भाडं भरलं. खिडक्यांच्या चौकटी मात्र भंगारवाल्यानं काचा आणि रबर काढून, तोलून, रोख पैसे देऊन नेल्या.