तुकोबांनी इंद्रायणीत नेमकं काय बुडवलं?



आज ओवी नाही, एक आयुष्य घेऊया. परवा ईएमआय आणि नामस्मरण या विषयावर बऱ्याच जणांनी विचारलं, त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं. तुकाराम महाराजांनी कर्जाचे कागद नदीत सोडले, मग आपणही चिंता सोडून द्यावी का? प्रश्न खरा आहे, म्हणून गोष्ट नीट लावून बघू. माझा आधार मुख्यतः महीपतीबुवा ताहराबादकरांचा. भक्तलीलामृत हा त्यांचा ग्रंथ १७७४ चा, म्हणजे तुकोबांनंतर सव्वाशे वर्षांनी झालेला. त्यामुळे ही भक्तचरित्रातली कथा आहे, हे धरूनच वाचा. पण बुवा स्वतः गावच्या कुलकर्ण्याच्या घरातले, म्हणून खतं, जामीन, व्याज यांचा तपशील त्यांच्याकडे सहज येतो.

देहूचं मोरे घराणं खातंपितं. जातीने कुणबी, धंदा वाण्याचा, गावची महाजनकी घरात, शेती आहे, सावकारी आहे आणि विश्वंभरबुवांपासून चालत आलेलं विठ्ठलाचं देऊळही आहे. तुकोबांचा जन्म बहुतेक अभ्यासक १६०८ चा मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी विरक्त स्वभावाचे, त्यांनी व्यापारात लक्ष घालायला नकार दिला. म्हणून दुकानाच्या वह्या मधल्या मुलाकडे आल्या, तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा. आणि बरं का, सुरुवातीला त्याने धंदा चांगला चालवला! तुकोबांना व्यवहार कळत नव्हता, असं जे सगळीकडे सांगतात ते मला पटत नाही.

मग एकामागून एक घाव. आईवडील गेले. सावजींची बायको गेली आणि सावजी घर सोडून तीर्थाला निघून गेले. दोन बायका, मूल, धाकटा कान्होबा, सगळा भार एकट्यावर. धंदा डळमळायला लागला. सोयऱ्यांनी एकदोनदा सावरून धरलं, पण बसलेली घडी पुन्हा बसेना. कोकणात मिरच्या विकायला गेले, तिथे एकाने सोन्याचा मुलामा दिलेलं पितळेचं कडं देऊन फसवलं.

आणि मग जिजाई. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक. लोक तिला कजाग आवली म्हणून रंगवतात, पण या बाईने स्वतःच्या नावावर खत लिहून नवऱ्यासाठी दोनशे रुपये उभे केले. नवऱ्याची पत संपली होती, तिची शिल्लक होती. त्या पैशाचं मीठ घेऊन तुकोबा व्यापाराला गेले, दोनशेचे अडीचशे झाले, आणि परतताना रस्त्यात कर्जापायी छळला जाणारा एक ब्राह्मण भेटला. सगळी रक्कम त्याला देऊन टाकली. कीर्तनात इथे टाळ्या पडतात. मी मात्र दर वेळी जिजाईकडे बघतो. ते खत तिच्या नावावर होतं ना! आज तुमच्यासाठी आई किंवा बहीण जामीन राहते, तेव्हा तुमचा चुकलेला हप्ता तिच्याही सिबिल अहवालात जातो. जिजाईची चिडचिड यातून आली असेल तर तिचं काय चुकलं?

१६३० साली पाऊस गेला. दख्खनचा तो दुष्काळ दोन वर्षं पुरला, गावंच्या गावं उठली. तुकोबांच्या घरी थोरली रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. आणि दिवाळं निघालं. ही लाज, बायकोचं अन्नान्न करत मरणं, बुडालेला धंदा, हे सगळं तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय, काही न लपवता. दिवाळं का निघालं हेही समजून घ्या. ते मधल्या साखळीतले सावकार. लोकांकडे त्यांची उधारी होती, आणि त्यांच्याकडे मोठ्या सावकारांची. दुष्काळात कुळं देऊ शकेनात म्हणून हे देऊ शकेनात. आपल्या यावल-रावेर पट्ट्यात केळी वादळात झोपली की शेतकऱ्यापाठोपाठ खतवाला, मग खतवाल्याचा वितरक अडकतो, तसंच.

यानंतर ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवस, म्हणतात. कान्होबा शोधत आला, दोघं खाली आले, आणि मग तो इंद्रायणीचा प्रसंग.

आता नीट बघा, नदीत काय गेलं. ती खतं लोकांनी तुकोबांच्या घराला लिहून दिलेली होती. म्हणजे येणं. स्वतःचं देणं त्यांनी बुडवलं नाही, ते बुडवता येतही नाही, कारण त्याचा कागद समोरच्याच्या पेटीत असतो. दुसरं असं की, सगळे कागद सोडले नाहीत. आधी दोन वाटे केले. अर्धे कान्होबाला दिले, कारण त्याला संसार करायचा होता आणि त्याच्या वाट्याचं माफ करण्याचा हक्क तुकोबांचा नव्हता. आपला अर्धा वाटा तेवढा पाण्यात गेला. दुष्काळातून कसेबसे वाचलेले किती कुणबी त्या दिवशी मोकळे झाले असतील!

याच पुणे भागात जवळपास अडीचशे वर्षांनी उलटं घडलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडून खतं जाळली. त्यातून पुढे चौकशी झाली आणि १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला. फैजपूर तर आपल्याच तालुक्यातलं, तिथे १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनातही शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय होताच. इतक्या वर्षांत सावकाराने आपण होऊन वही नदीत सोडल्याची गोष्ट मात्र देहूचीच सांगितली जाते.

मग तुमच्या प्रश्नाचं काय? क्रेडिट कार्डाचं देणं हे देणं आहे, येणं नाही. ते तुकोबांच्या नावाने सोडून देता येत नाही. बँक कमी रकमेत मिटवायला तयार झाली तरी अहवालात 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' असं पडतं, आणि पुढचं कर्ज देणारा ते वाचतो. अडचण असेल तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोला, हप्ते वाढवून मागा. आणि मित्राला दिलेले पाच हजार, ज्यावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे, ते मात्र तुमचं येणं आहे. तिथे इंद्रायणी मोकळी आहे.

पुढचं थोडक्यात. पडकं देऊळ तुकोबांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं. भंडारा डोंगर, अभंग, कीर्तन हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या अभंगांत मुद्दल, व्याज, खत, जामीन हे शब्द शेवटपर्यंत येत राहिले, वाण्याची वही काही मनातून गेली नाही. पण विरक्तीनंतरचीही एक कथा बुवा सांगतात. एका शेतकऱ्याने त्यांना शेत राखायला बसवलं. तुकोबांनी पाखरांना हाकललंच नाही, दाणा खाऊ दिला. मालक संतापला, पंच बसले. हे साधू आहेत, जाऊ द्या, असं पंच म्हणाले नाहीत, आणि तुकोबांनीही तसं मागितलं नाही. नुकसान भरून देण्याचा कागद पंचांनी करून घेतला. मळणी झाली तर धान्य अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. मालकाला ठरलेलं माप मिळालं, उरलेलं तुकोबांचं म्हणून बाजूला ठेवलं. ते त्यांनी घरी नेलं नाही, देवळाच्या कामाला लागलं.

राम कृष्ण हरी.